तुझं वारं

शेजारच्या वाघमारेबाईंची चादर आज सकाळी पुन्हा आमच्या गच्चीवर आली. सोलरच्या पाइपाला घट्ट गुंडाळून बसली होती. मी ती सोडवत होते तेवढ्यात खाली स्वयंपाकघराचं दार असं आपटलं की फ्रिजवरचे डबे वाजले. पश्चिमेकडं पाहिलं तर दौलताबादचा किल्ला धुळीत निम्मा पुसून गेला होता. मी चादर तशीच हातात धरून उभी राहिले. वाऱ्याचे दिवस आले होते.

या दिवसांना आमच्याकडं कुणी चांगलं म्हणत नाही. मृगाच्या सरी पडतात, माणसं पेरून मोकळी होतात आणि मग हे वारं सुटतं. ढग रोज येतात, भरून येतात, काळे होतात आणि शहराच्या डोक्यावरून पुढं निघून जातात. भाजीवाली जुडी बांधता बांधता वर बघते, रिक्षावाला सिग्नलला मान बाहेर काढून बघतो, आणि दोघंही एकच बोलतात, वारं लई सुटलंय, पाऊस कसला येतोय. चातक पावसाची वाट बघतो म्हणतात. मी वाऱ्याची बघते. ही गोष्ट मराठवाड्यात चारचौघांत बोलून दाखवायची सोय नाही.

मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. चाळिशी ओलांडल्यावर, कुणी सांगितलं नव्हतं तरी, शिडाच्या फळीवर उभं राहायचं खूळ घेतलं. लांब फळी, तिच्यावर उभं केलेलं शीड, शिडाला आडवा दांडा. दांडा धरायचा, तोल सांभाळायचा आणि वारं नेईल तसं नव्हे, आपल्याला हवं तसं जायचं. पैठण रोडनं बिडकीन ओलांडून गेलं की धरणाच्या फुगवट्याच्या काठी एक पत्र्याची शेड आहे, तोच आमचा क्लब. तो चालवतात रशीदभाई. छावणीत राहतात, फौजेतून निवृत्त झालेत, हे विंडसर्फिंग फौजेतच शिकले. आम्ही सगळे हौशी. कुणी दाताचा डॉक्टर, कुणी बँकेत, कुणी कंपनीत. निम्म्यांची गावाकडं शेती.

आमच्या घरात पोहणं सुद्धा कुणाला नीट येत नाही. मी फळीवर जाते हे कळलं तेव्हा आई म्हणाली, "पाण्याला हात लावायला आपल्या माणसांनी सत्याग्रह केला, अन तू त्यात पडायला चाललीस व्हय?" तिला वाटलं मी गंमत करतेय. नंतर तिनं माझे सोललेले गुडघे बघितले, तेव्हा खरं मानलं.

वाऱ्याच्या दिवसांत दर रविवारी आमची शर्यत असते. काठापासून निघायचं, वाऱ्याच्या तोंडावर पश्चिमेला जायचं, तिथं नांगर टाकून ठेवलेल्या भगव्या ड्रमाला वळसा घालायचा आणि वारं पाठीशी घेऊन परत यायचं. सांगायला सोपं आहे. पहिला माणूस काठाला लागला की रशीदभाई थोडा वेळ थांबतात, मग शिट्टी मारतात, आणि तोवर जे पाण्यातच असतील त्यांना इंजिनाची होडी घेऊन आणायला जातात. दोरी बांधायची आणि ओढून आणायचं. जत्रेत हरवलेली शेळी परत आणावी तसं. आणि जो ओढून आला त्यानं सगळ्यांसाठी चहा करायचा, असा क्लबचा रिवाज.

तीन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात तर दर रविवारी चहा मीच केला.

चहा करणं हे काही संकट नव्हे. पण शेडच्या आडोशाला स्टोव्ह ठेवला तरी वारं त्याला पेटू देत नसे. काडीमागून काडी विझायची. शेवटी मी माझीच फळी आडवी उभी करायची, तिच्यामागं उकिडवं बसायचं आणि हाताचा आडोसा करून स्टोव्ह पेटवायचा. ज्या वाऱ्यानं मला पाण्यावर जागचं हलवलं नव्हतं तेच वारं इथं माझी काडी विझवायला हजर. सगळे चहा छान झाला म्हणायचे. त्याचा तर मला फारच राग यायचा. माणसाला चहा छान झाला असं सांगितलं की समजावं, बाकी बोलण्यासारखं काही उरलेलं नाही.

माझी मागणी फार मोठी नव्हती. पहिलं यायचं नव्हतं. दाताच्या डॉक्टरांना हरवायचं नव्हतं. एकदा, फक्त एकदा, दोरी न लावता स्वतःच्या वाऱ्यानं काठाला लागायचं होतं. बस.

अडचण वाऱ्याच्या तोंडावर जाण्यात होती. सरळ जाता येत नाही, घाट चढल्यासारखं एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं वळत जावं लागतं. हे का आणि कसं होतं ते मी फळ्यावर बाण काढून समजावून सांगू शकते. बलाचे घटक, शिडावरचा दाब, फळीखालच्या पात्याचा विरोध. बारावीच्या मुलांना कळतं. पाण्यावर गेल्यावर ते सगळे बाण कुठं जातात ते मात्र कळत नाही. वळायला गेलं की शीड एकीकडं, मी दुसरीकडं आणि फळी तिसरीकडं. मग पाण्यात पडलेलं शीड दोरीनं ओढून उभं करायचं. भिजलेलं शीड उचलणं म्हणजे पाण्यासकट विहीर उचलणं आहे. कंबर धरते, तळहात सोलतात, तेवढ्यात वारं आपल्याला मागं नेतं, आणि मगाशी कमावलेलं सगळं अंतर गेलेलं असतं.

त्यात ऋतुजा. ही माझी जुनी विद्यार्थिनी. भौतिकशास्त्रात काठावर पास झालेली, आणि तेही मी तोंडी परीक्षेत हात सैल सोडला म्हणून. माझ्यानंतर क्लबात आली आणि महिन्याभरात सगळ्यांच्या पुढं निघून गेली. शेजारून सपकन जाताना ओरडायची, मॅडम, शिडाकडं नका बघू, जायचंय तिकडं बघा. मी तिला बरं बरं म्हणायची. माझ्या मनात काय यायचं ते शिक्षकानं लिहू नये.

रशीदभाईंचा उपदेश वेगळा. "हवा से लडना नै मॅडम," ते म्हणायचे, "उसको बोलो, चल बाई, साथ चलते." मी वाऱ्याला काय काय बोलले होते ते त्यांना ऐकू आलं नव्हतं हे बरं.

एका रविवारी तर हद्दच झाली. त्या दिवसांत धरण तळाला गेलेलं असतं. पाणी दर आठवड्याला मागं सरकतं, मागं राहिलेल्या गाळावर आधी चिखल, मग भेगा आणि मग कुणाच्या तरी शेळ्या येतात. पाणी सरकलं की रशीदभाई ड्रमही सरकवायचे. मी मात्र आदल्या रविवारी एक खूण पाठ करून ठेवली होती. पलीकडच्या काठावरची वाकडी बाभूळ, तिच्या रेषेत ड्रम. घरी कागदावर आकृती काढून कोन सुद्धा मोजला होता. त्या रविवारी मी एकदाही न पडता बाभळीकडं निघाले. ड्रम दिसेना, पण मला वाटलं लाटांत दडला असेल. आकृतीवर माझा विश्वास होता. मग फळीखालचं पातं गाळात रुतलं, फळी जागच्या जागी थांबली आणि मी शिडावरून पुढं जाऊन तोंडावर आपटले. उठून उभी राहिले तर पाणी पोटऱ्यांपर्यंत. शेळ्या माझ्याकडं बघत होत्या. ड्रम पार दुसरीकडं होता आणि ऋतुजा त्याला वळसा घालून परत निघाली होती. त्या दिवशी होडी सुद्धा माझ्यापर्यंत येऊ शकली नाही. मी फळी डोक्यावर घेऊन गाळातून चालत आले, आणि चहा केला.

दर रविवारी संध्याकाळी भावाचा फोन यायचा. भाऊ माझ्याहून मोठा, पाचोडकडं गावी असतो, आई त्याच्यापाशी. त्यानं त्या वर्षी मृगाच्या पहिल्या सरींवर कापूस लावला होता, रोपं दोन पानांवर आली आणि हे वारं सुटलं. जमिनीला वरून पापुद्रा धरला. त्याचं बोलणं जयभीम म्हणून सुरू व्हायचं आणि लगेच वाऱ्यावर यायचं. तुझं वारं लई माजलंय गं, तो म्हणायचा. तुझं वारं आज ढग घेऊन गेलं. तुझ्या वाऱ्याला जरा आवर. जसं काही मीच ते पत्र्याच्या शेडमधून सोडत होते. मी हसायची. पण फोन ठेवल्यावर हसू यायचं नाही. त्याचं पीक ज्यानं वाळत होतं त्याचीच मी सोमवारपासून वाट बघायची. शनिवारी वारं मंदावलं की माझा जीव कासावीस व्हायचा, आणि मंदावलं नाही की त्याचा. बरं, मला त्या वाऱ्याचा काही उपयोग करता आला असता तरी एक गोष्ट होती. त्याचं रान वाळत होतं आणि इकडं मी चहा उकळत होते. इतकं फुकट गेलेलं वारं जगात दुसरीकडं नसेल.

मग मोसमातला शेवटचा रविवार आला. सकाळी वारं जोरात होतं. जोराच्या वाऱ्यात लहान शीड घ्यायचं असतं, नाहीतर माणूस सांभाळू शकत नाही. पण मी पोचेपर्यंत सगळ्यांनी लहान शिडं उचलली होती. बिडकीनला खताच्या गोण्या घेऊन चाललेल्या ट्रॉल्यांच्या मागं मी अडकले होते. माझ्या वाट्याला उरलं ते जुनं, ठिगळं लावलेलं, सगळ्यांत मोठं शीड. दांडा बांधताना दोरीची गाठ इतकी आवळली की नख तुटलं. मनात म्हटलं, आज सुरुवातीलाच स्टोव्ह पेटवून ठेवावा.

निघाल्यावर वारं थोडं उतरलं. मग आणखी थोडं. आणि माझ्या लक्षात आलं की मी पडत नाहीये. पहिलं वळण घेतलं, पाय बदलले, शीड पलीकडं घेतलं आणि फळी चालत राहिली. मी शिडाकडं बघत नव्हते. कुणी न सांगता मला जायचं होतं तिकडं बघत होते. दुसरं वळण. डॉक्टर मागं राहिले. त्यांच्या लहान शिडात वारं पुरेसं भरत नव्हतं आणि माझ्या ठिगळाच्या शिडात भरत होतं. हे नशीब होतं हे मला कळत होतं, पण वळणं नशिबानं होत नाहीत, ती माझी होती. भगवा ड्रम जवळ येत गेला. इतक्या जवळून मी तो आजवर काठावरच पाहिला होता. ऋतुजा आणि मी जवळजवळ एकदमच वळलो, ती बाहेरून, मी आतून, आणि वळून झाल्यावर मी पुढं होते.

आता वारं पाठीशी. समोर काठ, पत्र्याची शेड, रशीदभाईंची पांढरी टोपी. मला हसू येत होतं आणि मी ते दाबत होते, तोल जाईल म्हणून. घरी गेल्यावर कुणाला फोन करायचा, काय सांगायचं, वर्गात सांगायचं की नाही, हे सगळं माझं ठरत आलं होतं.

आणि वारं पडलं.

हळूहळू नव्हे, कुणीतरी दार लावून घ्यावं तसं. शीड एकदा फडफडलं आणि लोंबत राहिलं. पाण्यावरच्या सुरकुत्या गेल्या. ढग बघता बघता खाली आले, उकाडा वाढला, काठावरच्या माणसांचं बोलणं स्पष्ट ऐकू यायला लागलं, इतका मी काठ गाठत आणला होता. मी शीड पंख्यासारखं मागंपुढं हलवलं. हात भरून आले तरी हलवलं. फळी जागची सरकेना. ऋतुजा मागं फळीवर बसून पाय पाण्यात सोडून वर बघत होती. मी वर बघितलं नाही. मला तिथं काय आहे ते ठाऊक होतं. शिट्टी वाजली. एकही जण पोचला नव्हता, म्हणजे शर्यतच रद्द.

रशीदभाईंनी लांबचे आधी घेतले. एकेक फळी दोरीला बांधत ते काठाकडं येत गेले, आणि मी सगळ्यांत जवळ म्हणून मला सगळ्यांत शेवटी बांधलं. त्या माळेच्या शेपटाला मी. सगळ्यांत पुढं होते आणि काठाला सगळ्यांच्या नंतर लागले. यात चूक कुणाचीच नव्हती, त्यामुळं ओरडायचं कुणावर हेही कळेना.

काठावर तर आनंदीआनंद. बँकवाले गावाकडं फोन लावून विचारत होते, तिकडं कसं आहे. कुणी म्हणालं आज येतोच. कुणी म्हणालं पान हलत नाही म्हणजे नक्की. सगळ्यांची तोंडं वर, आणि त्या आनंदात कुणाचंच काही चुकत नव्हतं. चहा कुणी करायचा हा प्रश्न निघाला नाही, कारण आज सगळेच ओढून आले होते. मी सवयीनं स्टोव्हपाशी गेले. सवयीनं फळी आडवी लावली, उकिडवी बसले, हाताचा आडोसा केला आणि काडी ओढली. पहिल्याच काडीला पेटला. ज्योत निळी, ताठ, जराही न हलणारी. मी हाताचा आडोसा काढून घेतला तरी तशीच राहिली.

तेव्हा फोन वाजला. संध्याकाळची वाट न बघता भावानं लावला होता.

"जयभीम. संगे, तुझं वारं पडलं बघ," तो म्हणाला. त्याच्या आवाजात किती दिवसांनी पाणी आलं होतं.

"पडलं," मी म्हणाले.

तो पुढं बोलत राहिला. आईला दे म्हणाले तर आई म्हणे अंगणातली खाट आत घेतेय. मी हं हं करत होते आणि माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि खोटं कशाला सांगू, ते त्याच्या कापसाच्या आनंदानं नव्हतं. मला राग आला होता. उभ्या मराठवाड्यात त्या घटकेला पावसावर चिडलेली मी एकटीच बाई असेन. अर्धा तास उशिरा पडलं असतं तर काय बिघडलं असतं त्या वाऱ्याचं? भाऊ आनंदात होता हे मला हवं होतं, अगदी मनापासून हवं होतं, आणि तरी मला काठाला लागायचं होतं. ही दोन्ही एकाच छातीत होती आणि एकमेकांना जागा देत नव्हती.

रशीदभाईंनी माझ्या हातातून गाळणी घेतली आणि कप भरायला लागले. माझ्या तोंडाकडं न बघता म्हणाले, "हवा तो फिर आएगी मॅडम. इधर बारिश का भरोसा नै, हवा का है." समजूत म्हणून बरोबर होतं. मला ते जास्तच लागलं.

संध्याकाळी पाऊस आला. चांगला आला. भावाची रोपं तगली. मी खिडकी लावून घेतली आणि चाचणीचे पेपर तपासत बसले. त्या गठ्ठ्याला गुण कमी पडले असतील तर त्या मुलांनी मला क्षमा करावी.

त्यानंतर ते तसं पुन्हा जमलं नाही. पुढच्या वर्षी धरण लवकर भरलं आणि वारं येऊन न आल्यासारखं गेलं. मागच्या वर्षी खांदा धरला, हाडाच्या डॉक्टरांनी हात वर न्यायला बंदी केली, आणि मी रविवारी काठावर बसून दुसऱ्यांच्या चुका बघितल्या. ऋतुजा आता पुण्याला असते. तिथून मला विचारते, मॅडम, लागलात का काठाला. मी आकाशाचा फोटो पाठवते. माणूस सुधारतो असं म्हणतात. मी सुधारले आहे, वळणं येतात, पडणं कमी झालं आहे. पण त्याचा पुरावा काय? पुरावा काठावर असतो आणि तिथं मी आजवर दोरीनंच गेले आहे.

आज चादर सोडवत होते तेव्हाही भावाचाच फोन आला. वारं सुटलं का म्हणून विचारलं. मी सुटलं म्हणाले, आणि भीत भीत विचारलं, पेरलंस का. त्याच्या बोलण्यात "तुझं वारं" येणार म्हणून मी तयारच होते.

"नाय पेरलं," तो म्हणाला. "यंदा थांबलोय. आई म्हणती, तिचं वारं उरकू दे आधी. तिला एकदाचं काठाला लागू दे, मग आपुन पेरू."

मला खरं कारण ठाऊक आहे. ओल अजून वीतभर सुद्धा खाली गेलेली नाही, त्या वर्षीच्या अनुभवानंतर तो घाई करणारच नव्हता. आईनं ते आपल्या पद्धतीनं माझ्या खात्यावर टाकलं, इतकंच. पण आजवर माझं न जमणं माझ्यापुरतं होतं. आता त्यात बियाणाच्या पिशव्या येऊन बसल्या. परत गाळात रुतले तर काय तोंड दाखवणार आहे मी या दोघांना?

"अन लवकर उरक," भाऊ म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला.

मी चादरीची घडी घातली आणि ती द्यायला शेजारी गेले. वाघमारेबाई दारातला कचरा तिसऱ्यांदा झाडत होत्या. चादर घेतली, पदर सावरला आणि वर बघून त्या म्हणाल्या, काय मेलं हे वारं, जाईल तर बरं. दरवर्षी मी यावर मान हलवते.

"राहू द्या थोडे दिवस," मी म्हणाले. "मला लागणार आहे."